‘लेव’ : हृदय की चित्त? हिब्रू धर्मग्रंथांतील एका शब्दाचा अर्थविचार

शरीराच्या अवयवांची नावे ही प्रत्येक भाषेतील अतिप्राचीन शब्दसंपत्ती होय. ती शरीराचे वर्णन करतातच; पण त्या भाषेच्या लोकांनी माणसाविषयी काय विचार केला होता, हेही त्यांतून कळते. पालीच्या अभ्यासकांना याची कल्पना आहे. खुद्दकपाठातील ‘द्वत्तिंसाकार’ ही केस, लोम, नख यांपासून सुरू होणारी बत्तीस शरीरभागांची यादी वरवर पाहता शरीरशास्त्राची वाटते. प्रत्यक्षात ती देहासक्तीच्या निरासासाठी योजलेली साधना आहे. प्रस्तुत लेखात हिब्रू भाषेतील अशाच एका अवयववाचक शब्दाचा विचार करावयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘लेव’. त्याचा रूढ अनुवाद ‘हृदय’ असा होतो.

बौद्ध अध्ययनाला वाहिलेल्या नियतकालिकात हिब्रू शब्दाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, यिर्मया आणि यहेज्केल हे हिब्रू संदेष्टे इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकांतले, म्हणजे तथागतांच्या काळापासून फार दूरचे नव्हेत. आणि माणसाच्या अंतर्यामातील कठोरपणा जातो कसा, हा प्रश्न त्यांनीही विचारला होता. दुसरे कारण आपल्या इतिहासातले आहे. अस्पृश्यतेचा प्रश्न सवर्णांच्या ‘हृदयपरिवर्तना’ने सुटेल, असे आपल्याला दीर्घकाळ सांगण्यात आले. या शब्दातील ‘हृदय’ म्हणजे नेमके काय, आणि ते पालटले म्हणजे काय पालटते, हे पाहण्यासाठी ‘लेव’ या शब्दाचा इतिहास फार उपयोगी पडतो.

शब्द आणि त्याचे क्षेत्र

ख्रिस्ती परंपरा ज्याला ‘जुना करार’ म्हणते आणि यहुदी परंपरा ज्याला ‘तनाख’ म्हणते, त्या ग्रंथसंग्रहात ‘लेव’ आणि त्याचेच दुसरे रूप ‘लेवाव’ हे शब्द मिळून साडेआठशेच्या आसपास वेळा येतात. त्यांपैकी छातीतील प्रत्यक्ष अवयव अभिप्रेत आहे अशी स्थळे अगदी थोडी आहेत. जर्मन अभ्यासक हान्स वाल्टर वोल्फ यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या जुन्या कराराच्या मानवविचारावरील ग्रंथात या शब्दाची सविस्तर छाननी केली. त्यांचा निष्कर्ष असा की, ‘लेव’ हा प्रामुख्याने समजणाऱ्या, विचार करणाऱ्या आणि निर्णय घेणाऱ्या माणसाचा वाचक आहे.

उदाहरणे पाहावीत. नीतिसूत्रांच्या पुस्तकात ज्याला ‘लेव-विहीन’ म्हटले आहे, तो निर्दय मनुष्य नव्हे, तर निर्बुद्ध मनुष्य होय. संदेष्टा होशेय एफ्राइमच्या राज्याला ‘लेव’ नसलेल्या कबुतराची उपमा देतो. ते राज्य कधी इजिप्तला साद घालते, कधी अश्शूरकडे धावते. म्हणजे त्याला पोच नाही, असा त्याचा आशय आहे. राजा शलमोन राज्यारोहणानंतर ईश्वराकडे धन किंवा दीर्घायुष्य मागत नाही, तर प्रजेचा न्याय करण्यासाठी ‘लेव शोमेआ’, म्हणजे ‘ऐकणारे लेव’ मागतो. येथे कोमल भावना मागितलेली नाही, न्यायनिवाड्यास लागणारी समज मागितलेली आहे. आनंद, भय, दुःख हेही ‘लेव’मध्ये होतात, हे खरे, परंतु तीव्र भावनांसाठी हिब्रू भाषा अनेकदा छातीच्या खाली उतरते. अंतरीची गुप्त ओढ ती मूत्रपिंडांत ठेवते, कळवळा आतड्यांत ठेवते, आणि करुणेला ‘राहामीम’ म्हणते. या शब्दाचे गर्भाशयवाचक ‘रेहेम’ या शब्दाशी उघड नाते आहे.

मग मेंदूचे काय? बायबलच्या हिब्रूत मेंदूसाठी स्वतंत्र शब्दच आढळत नाही. पुढे ज्या ‘मोआह’ शब्दाला मेंदूचा अर्थ आला, तो ईयोबाच्या पुस्तकात एकदाच येतो, आणि तेथे त्याचा अर्थ हाडांतील मज्जा असा आहे. पालीतील स्थिती याच्याशी विलक्षण जुळते. सतिपट्ठान सुत्तातील शरीरभागांच्या यादीत ‘मत्थलुङ्ग’, म्हणजे मेंदू, नाही. तो खुद्दकपाठाच्या यादीत आहे. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात स्पष्टीकरण दिले आहे की, मेंदूचा समावेश ‘अट्ठिमिञ्ज’ या मज्जावाचक शब्दात झालेला समजावा. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन परंपरांनी मेंदूला मज्जेत गणले आणि विचाराचे स्थान अन्यत्र मानले.

भाषांतराने काय घडले

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर होऊ लागले. त्यात ‘लेव’साठी बहुतेक ठिकाणी ‘कार्दिया’ हा हृदयवाचक शब्द आला, तर काही ठिकाणी ‘नूस’ किंवा ‘दियानोइया’ हे बुद्धिवाचक शब्द आले. एका हिब्रू शब्दाची अशी दोन शकले झाली. याचा परिणाम नव्या करारात दिसतो. अनुवादाच्या पुस्तकातील प्रसिद्ध आज्ञेत ईश्वरावर प्रेम करण्याची तीन साधने सांगितली आहेत : लेव, जीव आणि बळ. मार्कच्या शुभवर्तमानात तीच आज्ञा येते तेव्हा साधने चार होतात. हृदयाच्या जोडीला बुद्धीचा स्वतंत्र उल्लेख करावा लागतो. हिब्रू वाचकाला ही भर अनावश्यक वाटली असती, कारण त्याच्या ‘लेव’मध्ये बुद्धी होतीच. पुढे युरोपीय भाषांत हृदय हे भावनेचे आणि डोके हे विचाराचे स्थान, अशी वाटणी रूढ झाली, आणि जुन्या ग्रंथातील प्रत्येक ‘लेव’ भावनेच्या बाजूने वाचला जाऊ लागला.

मराठीचा हिब्रूशी संबंध जुना आहे. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठीच. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ साली मुंबईत छापले गेले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ साली केडगावहून प्रकाशित झाले. मराठी बायबलांत ‘लेव’साठी स्थलपरत्वे मन, अंतःकरण आणि हृदय असे तिन्ही शब्द आढळतात. यांपैकी ‘मन’ हा मूळ अर्थाला सर्वांत जवळचा आहे. निर्गमाच्या पुस्तकात, नाईल नदीचे पाणी रक्त झाल्यावरही राजाने तिकडे ‘लेव लावले नाही’, असे म्हटले आहे. मराठीत आपण सहज म्हणू, त्याने ते मनावर घेतले नाही.

जड काम आणि जड लेव

या शब्दाचा सर्वांत अर्थपूर्ण उपयोग याच निर्गमाच्या कथेत आहे. ही कथा घडली तशीच इतिहास आहे, असे म्हणण्यास पुरातत्त्वीय पुरावा नाही. परंतु गुलाम केलेल्या लोकांच्या बाजूने रचलेली कथा म्हणून तिच्या भाषेला ऐतिहासिक मोल आहे.

इजिप्तचा राजा फारो इस्राएली लोकांकडून विटा पाडून घेतो. लोक आपल्या देवाच्या उत्सवासाठी सुटी मागतात. राजा म्हणतो, हे लोक आळशी आहेत, म्हणून असल्या मागण्या करतात. तो मुकादमांना आज्ञा देतो की, यांना विटांसाठी गवत पुरवू नये. गवत त्यांनीच गोळा करावे आणि विटांची संख्या मात्र कमी होऊ नये. राजाच्या या आज्ञेत जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ ‘काम जड होवो’ असा आहे. त्याचा धातू ‘कावेद’, म्हणजे जड असणे. पुढे दहा पीडा येतात आणि राजाचे ‘लेव’ कठोर झाल्याचे पुनःपुन्हा सांगितले जाते. भाषांतरात सर्वत्र ‘कठोर’ असा एकच शब्द येत असला, तरी मुळात तीन धातू आहेत. ‘हाझाक’ म्हणजे बळकट होणे, ‘काशा’ म्हणजे कठीण होणे, आणि तिसरा तोच ‘कावेद’, जड होणे. ज्याने दुसऱ्याचे काम जड केले, त्याचे स्वतःचे लेव जड झाले, हा संबंध कथाकाराने एकाच धातूने जोडला आहे. भाषांतरात तो पूर्णतः हरवतो.

इजिप्तच्या संदर्भात जडपणाला आणखी एक अर्थ असू शकतो. तेथील श्रद्धेनुसार मृताचे हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि न्यायदेवता मात हिचे पीस दुसऱ्या पारड्यात ठेवून न्याय होई. ‘मृतांचे पुस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संहितेच्या १२५ व्या प्रकरणात हा प्रसंग येतो आणि ब्रिटिश म्युझियममधील आनीच्या पपायरसवर त्याचे चित्र आहे. प्रेत टिकविताना मेंदू नाकावाटे काढून टाकीत, पण हृदय देहातच ठेवीत, कारण न्यायाच्या वेळी साक्ष त्याचीच असे. फारोच्या ‘जड’ लेवामागे ही कल्पना असावी, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. हा तर्क मान्य झाला नाही, तरी हिब्रू शब्दातील संबंध आपल्या जागी कायम राहतो.

येथे ‘लेव’चा अर्थ हृदय म्हणजे भावना असा घेतला, तर फारोचा दोष दयेच्या अभावाचा ठरतो. त्याच्यावर उपाय मग एवढाच राहतो की त्याला दया यावी. मूळ अर्थ घेतला, तर दोष वेगळा दिसतो. घडते आहे ते त्याला दिसत होते. पण आपला निर्णय बदलण्यास तो तयार नव्हता. हा दोष समजुतीचा आणि संकल्पाचा आहे.

राजे आणि संदेष्टे

फारो परका राजा होता. हिब्रू ग्रंथांचा विशेष असा की, हीच कसोटी ते स्वतःच्या राजांनाही लावतात. ‘ऐकणारे लेव’ मागणाऱ्या शलमोनाने मंदिराच्या बांधकामासाठी तीस हजार माणसे वेठीला धरली, असे राजांच्या पहिल्या पुस्तकात नोंदले आहे. त्याच्यानंतर, इ. स. पू. ९३० च्या सुमारास, लोक त्याचा पुत्र रहबाम याच्याकडे येऊन म्हणाले की, तुझ्या वडिलांनी लादलेले कठीण काम आणि जड जू हलके कर. या मागणीत ‘काशा’ आणि ‘कावेद’ हे फारोच्या कथेतलेच दोन धातू आहेत. रहबामाने लोकांचे ऐकले नाही आणि राज्य दुभंगले. बापाने ऐकणारे लेव मागितले होते. मुलाने ऐकण्याचेच नाकारले.

यिर्मयाच्या काळी यहूदाचा राजा यहोयाकीम (इ. स. पू. ६०९ ते ५९८) मजुरी न देता लोकांना राबवून स्वतःचा प्रशस्त वाडा बांधीत होता. यिर्मया त्याला सांगतो की, तुझे डोळे आणि तुझे लेव केवळ अन्याय्य लाभाकडे आणि जुलुमाकडे लागले आहेत. तुझ्या पित्याने मात्र दीनदुबळ्यांचा न्याय केला, आणि ईश्वराला ओळखणे म्हणजे तरी दुसरे काय? राजाचे लेव कसे आहे, हे त्याच्या प्रार्थनेवरून ठरत नाही. मजुराला मजुरी मिळाली की नाही, यावरून ठरते.

बाबिलोनच्या बंदिवासात राहिलेल्या यहेज्केलाने ‘नवे लेव’ ही कल्पना मांडली. तिची दोन रूपे त्याच्या ग्रंथात आहेत. छत्तिसाव्या अध्यायात ईश्वर लोकांचे दगडी लेव काढून त्यांना मांसमय लेव देणार आहे. अठराव्या अध्यायात मात्र संदेष्टा लोकांनाच सांगतो की, नवे लेव तुम्ही स्वतः घडवा. हा उपदेश ज्या अध्यायात येतो, त्यात नीतिमान माणसाचे वर्तन आधीच सांगून झाले आहे. त्याने कर्जदाराची गहाण वस्तू परत करावी, भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र द्यावे, व्याज घेऊ नये, कोणावर जुलूम करू नये. नवे लेव ही आतल्या आत राहणारी भावावस्था नाही. तिची खूण व्यवहारात आहे.

पाली परंपरेतील तुलना

आता पालीकडे वळू. ‘हदय’ हा शब्द शरीरभागांच्या यादीत आहे. अभिधम्मातील पट्ठानात मनोधातू आणि मनोविञ्ञाणधातू ज्या रूपाच्या आश्रयाने वर्ततात त्या रूपाचा निर्देश आहे, परंतु तेथे हृदयाचे नाव घेतलेले नाही. ‘हदयवत्थु’ म्हणून ते स्पष्टपणे सांगितले अट्ठकथांच्या परंपरेने. इसवी सनाच्या पाचव्या शतकात विसुद्धिमग्गात बुद्धघोषांनी हृदयाचे वर्णन कमळाच्या कळीसारखे केले असून त्यातील पोकळीत अर्धा पसा रक्त असते व त्याच्या आश्रयाने मन वर्तते, असे म्हटले आहे. रागचरिताचे रक्त तांबडे, द्वेषचरिताचे काळे, मोहचरिताचे मांस धुतलेल्या पाण्यासारखे, वितर्कचरिताचे कुळथाच्या कढणासारखे, श्रद्धाचरिताचे कणिकार पुष्पासारखे, आणि प्रज्ञाचरिताचे स्वच्छ असते. आजच्या शरीरशास्त्राला हे मान्य होणार नाही. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, येथेही हृदय हा प्रज्ञेचा आणि मोहाचा आश्रय आहे, केवळ भावनेचा नव्हे.

कठोर चित्तासाठी पालीत ‘चेतोखिल’ हा शब्द आहे. ‘खिल’ म्हणजे न नांगरलेली, पडीक, कठीण जमीन. मज्झिम निकायातील चेतोखिल सुत्तात अशी पाच खिले सांगितली आहेत : शास्ता, धम्म, संघ आणि शिक्षा यांविषयीची शंका, आणि सब्रह्मचाऱ्यांविषयीचा कोप. यिर्मयाच्या चौथ्या अध्यायातही पडीक जमीन नांगरण्याची आज्ञा आणि लेवावरील आवरण काढून टाकण्याची आज्ञा लागोपाठ येतात. मशागतीची ही प्रतिमा तथागतांनीही कसिभारद्वाज सुत्तात वापरली आहे. तेथे प्रज्ञा हाच नांगर आहे. आणि ज्याचे चित्त उपदेशास योग्य झाले आहे त्याचे वर्णन सुत्तांत ‘कल्लचित्त’, ‘मुदुचित्त’ असे येते. उपाली गृहपतीचे चित्त असे मृदू झाल्याचे जाणून मगच भगवंतांनी त्याला चार आर्यसत्ये सांगितली. यहेज्केलाच्या मांसमय लेवाशी या मृदू चित्ताचे साम्य उघड आहे.

मात्र साम्य दाखविताना भेद झाकू नये. हिब्रू ग्रंथात लेव तपासणारा, ते कठोर करणारा आणि शेवटी नवे देणारा ईश्वर आहे. फारोच्या कथेत पहिल्या पाच पीडांपर्यंत राजाचे लेव आपले आपण जड होते किंवा तोच ते जड करतो; सहाव्या पीडेनंतर ईश्वर ते कठोर करतो असे म्हटले आहे. मग राजाला दोष कसा द्यावा, हा प्रश्न यहुदी आणि ख्रिस्ती भाष्यकारांना शतकानुशतके छळत आला आहे. बुद्धाच्या धम्मात हा प्रश्न उद्भवत नाही. येथे कोणी दाता नाही. तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत. चित्त हेतूंनी कठोर होते आणि हेतूंनीच मृदू होते. म्हणूनच ‘लेव’ म्हणजे ‘चित्त’ असे सरळ समीकरण मांडता येत नाही. दोन्ही शब्द विचार आणि संकल्प यांच्याकडे बोट दाखवितात, एवढेच म्हणता येते.

‘हृदयपरिवर्तन’ या शब्दाची कसोटी

आता आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे येऊ. ‘हृदय पालटले’ असा शब्दप्रयोग हिब्रू ग्रंथात खरोखरच आहे. त्यासाठी ‘हाफाख’, म्हणजे उलटणे, हा धातू येतो. होशेयाच्या ग्रंथात शिक्षा देण्यास निघालेल्या ईश्वराचेच लेव उलटते आणि तो शिक्षा आवरतो. परंतु निर्गमाच्या चौदाव्या अध्यायात याच धातूचा प्रयोग फारोविषयी आहे. दहाव्या पीडेनंतर त्याने लोकांना जाऊ दिले. लोक निघून गेल्याची वार्ता येताच त्याचे आणि त्याच्या सेवकांचे लेव उलटले. आपण हे काय करून बसलो, आपल्या सेवेतून या लोकांना का सोडले, असे ते म्हणू लागले, आणि सहाशे निवडक रथ घेऊन पाठलागास निघाले. हेही हृदयपरिवर्तनच होते! जे एकदा पालटते, ते पुन्हा उलट दिशेने पालटू शकते. विशेषतः फुकटचे श्रम हातचे गेल्याची जाणीव झाली की. धन्याच्या हृदयावर विसंबून दासाची मुक्ती सुरक्षित राहत नाही, हे या प्राचीन कथाकाराला माहीत होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका या प्रकाशात पाहावी. १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना, ‘व्हिक्टोरिया’ बोटीवरून त्यांनी अ. वि. ठक्कर यांना पत्र लिहिले. अस्पृश्यता निवारणाचे काम कसे व्हावे, हा त्याचा विषय होता. सवर्ण हिंदूला विचार करण्यास भाग पाडले पाहिजे, त्यासाठी त्याच्या रूढ आचारसंहितेविरुद्ध प्रत्यक्ष कृतीने पेचप्रसंग निर्माण केला पाहिजे, आणि एकदा तो विचार करू लागला की बदलण्यास अधिक तयार होईल, असे त्यांनी त्यात प्रतिपादिले. बाबासाहेबांनी दयेचे आवाहन केले नाही. विचाराला भाग पाडण्याची भाषा केली. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात ते अधिक खोल गेले. जात ही मनाची एक अवस्था आहे, आणि हिंदू लोक जात पाळतात ते ते अमानुष आहेत म्हणून नव्हे, तर त्यांचा धर्म त्यांना तसे शिकवितो म्हणून, असे त्यांनी दाखविले. रोग हृदयाच्या कोरडेपणात नसून मान्य केलेल्या सिद्धान्तांत असेल, तर औषधही सिद्धान्तांनाच लागू करावे लागते.

म्हणून त्यांनी दोन्ही मार्ग स्वीकारले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. त्यासाठी कोणाचे हृदय पालटण्याची वाट पाहिली नाही. परंतु कायदा पुरेसा आहे, असेही त्यांनी मानले नाही. ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात कायद्याला दुय्यम स्थान देऊन बंधुतेला त्यांनी सर्वोच्च स्थान दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी जो धम्म स्वीकारला, तो मनाला केंद्रस्थानी ठेवणारा आहे. आणि ते मन प्रथम आपले स्वतःचे आहे.

‘लेव’ या शब्दाचा प्रवास आपल्याला एक सावधगिरी शिकवितो. विचार आणि निर्णय यांचा वाचक असलेला शब्द भाषांतरांतून भावनेचा झाला, आणि त्याबरोबर अन्यायाचा प्रश्नही भावनेचा झाला. पाली ग्रंथांचे अनुवाद करताना आणि वाचताना ‘चित्त’, ‘चेतना’, ‘मन’ या शब्दांचे असे होऊ नये, ही जबाबदारी आपली आहे. चित्तशुद्धी म्हणजे मन गहिवरणे नव्हे. समज स्वच्छ होणे, संकल्प बदलणे, आणि तो बदल मजुराच्या मजुरीत, शेजाऱ्याच्या पाणवठ्यावर, घरातल्या स्त्रीच्या स्वातंत्र्यात दिसणे, हा तिचा अर्थ होय. ही कसोटी यिर्मयाने आपल्या राजाला लावली होती. विहारात बसून त्रिशरण म्हणणाऱ्या आपण सर्वांनी ती स्वतःलाही लावली पाहिजे.